हातावरचं गोंदण काय सांगतं? घरातल्या जुन्या माणसांना विचारून ठेवा



पेपरच्या आतल्या पानावर पोलीस ठाण्याची एक छोटी जाहिरात अधूनमधून येते. अनोळखी पुरुष, वय अंदाजे इतकं, उंची इतकी, रंग सावळा, अंगात अमुक रंगाचा शर्ट. आणि शेवटी एक ओळ असते, उजव्या हातावर अमुक नाव गोंदलेलं आहे. आपण वाचतो आणि पान उलटतो. पण ज्याचं पोट पाण्यावर आहे त्याने ती शेवटची ओळ नीट वाचावी. दोन-तीन दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचा चेहरा त्याच्या आईलासुद्धा ओळखू येत नाही. कपडे वाहून जातात. मोबाईल आणि आधार कार्ड खिशात राहत नाही. गोंदण मात्र बहुतेक वेळा वाचता येतं, कारण शाई वरच्या कातडीत नसते, तिच्या खालच्या थरात असते. वरची कातडी सुटली तरी अक्षरं दिसतात.

गोंदण म्हटलं की आपल्याकडे दोन बोलणी ऐकू येतात. म्हाताऱ्यांच्या हातावर दिसलं तर "जुनी अडाणी रीत", आणि पोरांच्या हातावर दिसलं तर "नुसती फॅशन". दोन्ही बोलणी घाईची आहेत. माणूस दुखणं सोसून जी गोष्ट जन्मभरासाठी अंगावर घेतो, तिच्यामागे काहीतरी असतंच. ते काय असतं, आणि आपल्यासारख्या घरांना त्याचा काय उपयोग आहे, हे आज थोडं सविस्तर लिहितो.

गोंदायचे कसे

आपण मराठीत गोंदण म्हणतो. इथे वाघोडियात शेजारच्या गुजराती बायका छुंदणां म्हणतात, सौराष्ट्राकडे त्राजवां हा शब्द चालतो. उत्तरेकडे गोदना. शब्द वेगळे, काम एकच. सुईने कातडीला टोचायचं आणि त्या भोकातून रंग आत सोडायचा.

पूर्वी हे काम गावोगाव फिरणाऱ्या भटक्या जमातींतल्या बायका करायच्या. दिव्याची काजळी धरायची, ती माक्याच्या पाल्याच्या रसात नाहीतर दुधात कालवायची, दोन-तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि टोचत जायचं. काळी काजळी कातडीच्या खालच्या थरातून बघताना निळसर दिसते. म्हणून जुनं गोंदण निळं-हिरवं दिसतं. टोचून झालं की वर हळद आणि तेल. मोबदला म्हणून पायलीभर धान्य, एखादं जुनं लुगडं. टोचताना गाणी म्हणायची, म्हणजे पोरीचं लक्ष दुखण्यावरून हटतं. पोर लहान असायची, सात-आठ वर्षांची. आई, मावशी, आत्या हात धरून बसायच्या. पोर रडायची. तिला कोणी विचारलेलं नसायचं, हेही खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही.

रंग जन्मभर टिकतो याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. रंगाचे कण आत गेले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना परकी वस्तू समजून गिळून टाकतात आणि तिथेच बसतात. त्या पेशी मेल्या की नव्या पेशी येऊन तोच रंग पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून हे दाखवलं. म्हणजे राखण करणारा बदलतो, पण ठेव जागच्या जागी राहते.

आपल्या आज्यांच्या अंगावर काय असायचं

महाराष्ट्रातून इकडे आलेल्या घरांमध्ये साठ-सत्तरीच्या पुढच्या बायका बघा. कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये ठिपका किंवा चंद्रकोर. हनुवटीवर एक ठिपका, कधी गालावर तीळ. हाताच्या आतल्या बाजूला तुळशीवृंदावन. कुठे लक्ष्मीची पावलं, कुठे गोपद्म, चांदणी, कमळ, विंचू, मोर. मनगटाजवळ स्वतःचं किंवा भावाचं नाव.

यातली बरीच चित्रं दारातल्या रांगोळीत असतात, हे लक्षात आलं का? तुळस, पावलं, गोपद्म सगळं तेच. रांगोळी रोज सकाळी काढायची आणि दिवसभरात ती पुसली जायची. गोंदण म्हणजे न पुसली जाणारी रांगोळी. आणि ती काढायला अंगण स्वतःच्या मालकीचं असावं लागत नव्हतं.

हनुवटीचा आणि गालाचा ठिपका दृष्ट लागू नये म्हणून. विंचू गोंदला की विंचू चावत नाही, चावला तरी चढत नाही, अशी समजूत. पण चित्राचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. तुळशीवृंदावन एकीसाठी देवाचं, तर दुसरीसाठी माहेरच्या अंगणाचं. लग्न होऊन शंभर कोस लांब गेलेल्या पोरीला माहेर पुन्हा कधी दिसेल याची खात्री नसायची. ती हाताकडे बघायची. भावाचं नाव गोंदणाऱ्या बाईचंही तसंच. तिला अक्षर वाचता येत नसलं तरी कुठलं नाव कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक असायचं.

जुन्या बायका सांगायच्या, सोनंनाणं चोर नेईल, सावकार नेईल, मेल्यावर घरचे काढून घेतील. गोंदण तेवढं बरोबर येतं. या बोलण्याकडे आपण भाबडी श्रद्धा म्हणून बघतो. जरा हिशेबाच्या नजरेने बघा. त्या काळच्या बाईच्या नावावर काय होतं? जमीन नाही, घर नाही, होडी नाही, जाळं नाही. दागिना अंगावर असला तरी अडीनडीला तो गहाण जायचा. कोणीही काढून घेऊ शकणार नाही अशी तिच्या मालकीची एकच वस्तू होती, ती म्हणजे कातडीतली ही खूण.

आणि नवरा गेल्यावर काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. मंगळसूत्र तोडायचे, बांगड्या फोडायचे, कुंकू पुसायचे. पण गोंदलेला कपाळावरचा ठिपका पुसता येत नव्हता. पाण्यावर जाणाऱ्या माणसांच्या घरात कमी वयात विधवा झालेल्या बायका पूर्वी किती असायच्या हे आपल्या वस्तीतल्या कोणालाही सांगायला नको. त्यांच्या कपाळावर तो निळा ठिपका शेवटपर्यंत राहिला.

आपल्या आजूबाजूला

आपण गुजरातमध्ये राहतो तर इथलंही बघू. सौराष्ट्रात पोरबंदरकडच्या मेर समाजाच्या बायकांचं गोंदण फार प्रसिद्ध आहे. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की हातापायांपासून सुरुवात, मग मान आणि छातीपर्यंत. त्यात कावडीतून आईबापाला नेणारा श्रावण असतो, डोक्यावर घडा घेतलेली पाणी भरणारी असते, देवाचं सिंहासन, सिंह, उंट, मोर, विंचू, खजुराचं झाड, इतकंच काय मधमाशीसुद्धा असते. त्या कोरड्या मुलखात पाण्याला केवढी किंमत होती ते घडा घेतलेल्या बाईवरून कळतं. माणूस ज्याच्यासाठी रोज झगडतो, तेच अंगावर काढतो.

आपल्या पूर्वेला छोटा उदेपूर. २०१३ पर्यंत तो भाग आपल्याच बडोदा जिल्ह्यात होता. तिकडच्या राठवा आणि भील बायका बाजाराला येतात तेव्हा त्यांच्या हनुवटीवर, गालावर, हातांवर गोंदण दिसतं. तिथल्या आणि आपल्याकडच्या जत्रांमध्ये आजही गोंदणारे बसतात, फक्त सुयांच्या जुडीऐवजी हातात बॅटरीवर चालणारं मशीन असतं. या मशीनचा वंशही मजेशीर आहे. कागदाला भोकं पाडून नकला काढणाऱ्या विजेच्या लेखणीचं एडिसनने १८७६ मध्ये पेटंट घेतलं. पुढे न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली नावाच्या गोंदणाऱ्याने त्याच कल्पनेवरून गोंदायचं मशीन बनवून १८९१ मध्ये पेटंट घेतलं.

जत्रेतल्या गोंदणाची आपल्या मराठी घरांत एक गंमत झालेली दिसते. गोंदणारा गुजराती, गोंदवून घेणारा मराठी. मग नाव मराठी पण अक्षरं गुजराती, वरची रेघ नसलेली. आपल्या काही सभासदांच्या हातावर आईचं नाव असंच आहे. कोणी विचारलं की हसतात. पण दोन पिढ्यांपूर्वी खानदेशातून निघालेलं कुटुंब वाघोडियाच्या मातीत कसं रुजलं, याचा याहून चांगला दाखला कुठल्या कागदावर मिळणार नाही.

पाण्यावरची माणसं आणि गोंदण

आता आपल्या धंद्याच्या माणसांकडे येऊ. गोंदण आणि पाणी यांचं नातं फार जुनं आहे.

तिसऱ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात त्या वेळच्या जपानी लोकांचं वर्णन आहे. ते पाण्यात बुड्या मारून मासे आणि शिंपले काढायचे, आणि मोठ्या माशांनी हल्ला करू नये म्हणून अंगभर गोंदवून घ्यायचे. पुढे भीती कमी झाली आणि तेच गोंदण शोभेचं झालं, असंही त्यात लिहिलं आहे. आधी रक्षण आणि मग शोभा. आपल्याकडच्या विंचवाचंही असंच झालं आहे.

इंग्रजीतला टॅटू हा शब्दसुद्धा खलाशांनीच घरी आणला. कॅप्टन कुकचं जहाज १७६९ मध्ये प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाला लागलं. तिथले लोक या कामाला तताऊ म्हणायचे. युरोपात गोंदण त्याआधीही होतं, पण हा शब्द आणि त्याची हौस खलाशांनी बंदराबंदरांत पसरवली.

पुढे त्यांच्या खुणांना ठरलेले अर्थ आले. नांगर गोंदला म्हणजे अटलांटिक महासागर पार केलेला माणूस. पाकोळी गोंदली म्हणजे पाच हजार सागरी मैल झाले. पाकोळी कितीही लांब गेली तरी घरट्याकडे परतते, म्हणून ती घरी परतण्याचीही खूण. दोन्ही हातांच्या बोटांवर मिळून आठ अक्षरं गोंदायची, अर्थ असा की दोर घट्ट धर, सोडू नकोस. वाऱ्यावादळात दोर हातातून सुटला तर काय होतं हे होडीवाल्याला सांगायला नको.

सगळ्यात गमतीची खूण पायावरची. एका पावलावर डुक्कर आणि दुसऱ्यावर कोंबडा. का? तर या दोघांना पोहता येत नाही असं मानायचे, पण जहाजावर त्यांना लाकडी खोक्यात ठेवलेलं असायचं. जहाज फुटलं की माणसं बुडायची आणि खोकी तरंगत किनाऱ्याला लागायची. म्हणून डुक्कर-कोंबडा पायावर असला की माणूस बुडत नाही, असा विश्वास. हसू येतं. पण आपण होडीला लिंबू-मिरची बांधतो, पहिल्या जाळ्याआधी नारळ देतो. पाण्याची भीती सगळीकडे सारखीच, फक्त उतारे वेगळे.

आणि ओळखीचा उपयोग त्यांनीही केला. अमेरिकेच्या खलाशांना इंग्रज आरमार जबरदस्तीने पकडून न्यायचं. म्हणून १७९६ पासून अमेरिकन सरकार खलाशांना ओळखपत्र देऊ लागलं. तेव्हा फोटो नव्हते. मग त्या कागदावर उंची, केसांचा रंग, जखमांचे व्रण आणि अंगावरचं गोंदण लिहायचे. कोणाच्या हातावर काय आहे यावर त्याची सुटका ठरायची.

लादलेलं गोंदण

हीच सुई शिक्षेसाठीही वापरली गेली. इंग्रजांच्या राज्यात बंगालमध्ये १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायचा नियम होता. पळून गेला तरी कुठेही ओळखू यावा म्हणून. तो नियम १८४९ मध्ये बंद झाला. तोपर्यंत कितीतरी माणसं कपाळावरची अक्षरं फेट्याखाली लपवत जगली. १९७५ चा "दीवार" सिनेमा आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला आहे. त्यात लहान मुलाच्या हातावर गावकरी त्याचा बाप चोर असल्याचं गोंदतात, आणि तो मुलगा मोठा होऊन श्रीमंत झाला तरी ती अक्षरं त्याला सोडत नाहीत. सिनेमातली गोष्ट असली तरी कल्पना हवेतून आलेली नाही.

आणि ज्या भटक्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून आपल्या आज्यांना गोंदलं, तशा कितीतरी फिरस्त्या जमातींवर १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. हा शिक्का कातडीवर नव्हता, सरकारी वहीत होता, पण पुसायला अवघड तोच ठरला. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय राहिलाच. या जमातींच्या हक्कासाठी १९९८ मध्ये जी चळवळ उभी राहिली ती आपल्या बडोद्यातूनच. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि "उचल्या" लिहिणारे लक्ष्मण गायकवाड त्यात होते.

याच्या अगदी उलट उदाहरण छत्तीसगडमधल्या रामनामी समाजाचं. खालच्या जातीचे म्हणून त्यांना देवळात घेत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी ठरवलं की देवळात जाऊ देत नाही तर देव अंगावरच लिहितो. आणि राम हे नाव कपाळापासून पायापर्यंत गोंदवून घेतलं. कोणाशी मारामारी नाही, शिवीगाळ नाही. ज्या अंगाला लोक शिवत नव्हते त्याच अंगावर देवाचं नाव. आता हाकलायचं कसं?

म्हणजे खूण चांगली की वाईट हे चित्रावरून ठरत नाही. ती कोणी, कोणाच्या मर्जीने आणि कशासाठी काढली यावरून ठरतं.

आजची पोरं आणि भरतीचा नियम

आता तरुण मुलांकडे येऊ. हातावर महादेव, त्रिशूळ, शिवाजी महाराज, बाबासाहेबांची सही, आईबापाची नावं, मुलीच्या जन्माची तारीख, गेलेल्या भावाचा चेहरा. वडीलधारी चिडतात. माझं म्हणणं असं की चिडायच्या आधी विचारा. भावाचा चेहरा गोंदवणारा पोरगा तेच करतोय जे भावाचं नाव गोंदवणाऱ्या त्याच्या पणजीने केलं.

पण पोरांनो, तुम्हालाही दोन गोष्टी स्पष्ट सांगायच्या आहेत. पहिली नोकरीची. आपल्या वस्तीतली मुलं पोहण्यात तयार असतात, नौदलात किंवा इतर दलांत जायची स्वप्नं बघतात. सैन्यदलांच्या भरतीत कायमचं गोंदण फक्त दोन जागी चालतं. हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला. मान, छाती, दंड, पाठ, पाय इथे असेल तर वैद्यकीय तपासणीत बाद. आदिवासी समाजाच्या पारंपरिक गोंदणाला प्रत्येकाचं पाहून सूट मिळू शकते, बाकीच्यांना नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांसारख्या दलांचा नियम आणखी कडक आहे. तिथे हाताच्या आतल्या बाजूला चालतं ते फक्त डाव्या हाताच्या, कारण उजव्या हाताने सलाम करायचा असतो, नाहीतर तळव्याच्या मागच्या बाजूला, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. धावणं, उंची, लेखी परीक्षा सगळं पास करून मानेवरच्या एका चित्रासाठी घरी परत यायचं, यासारखं दुसरं दुःख नाही. ज्या भरतीला जायचं तिची जाहिरात आधी वाचा, मग मशीनखाली हात द्या.

दुसरी गोष्ट, काढणं सोपं नाही. लेझरने काढतात, पण त्यासाठी बऱ्याच वेळा बसावं लागतं, गोंदवायच्या कितीतरी पट खर्च येतो आणि पुसट खूण राहू शकते. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-पिवळी फार हट्टी. चुना किंवा ॲसिड लावून घरी काढायचा प्रयत्न कोणी करू नये. गोंदण जात नाही आणि हात मात्र भाजतो.

ताजं गोंदण घेऊन पाण्यात उतरू नका

हे आपल्या धंद्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून वेगळं लिहितो. नवीन गोंदण म्हणजे हजारो बारीक उघड्या जखमा. त्या भरायला दोन ते चार आठवडे लागतात. तोपर्यंत तलाव, नदी, खाडी, समुद्र कुठल्याही पाण्यात तो हात बुडवायचा नाही. तलावाच्या पाण्यात, मासळीच्या अंगावर आणि काट्यांवर असे जंतू असतात की जे धडधाकट कातडीला काही करत नाहीत पण जखमेतून आत गेले की गाठी येतात, पू होतो, महिनोन् महिने औषध घ्यावं लागतं. कोमट खाऱ्या पाण्यातला एक जंतू तर जीवघेणा आहे. अमेरिकेत यकृताचा आजार असलेला एक तरुण गोंदवल्यानंतर पाच दिवसांनी समुद्रात पोहला आणि त्यातून झालेल्या संसर्गाने पुढे दगावला. डॉक्टरांनी २०१७ मध्ये हे प्रसिद्ध केलं.

म्हणून गोंदवायचंच असेल तर मासेमारी बंदीच्या दिवसांत गोंदवा, हंगामात नको. सुई नवी, आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली पाहिजे. शाई प्रत्येकासाठी वेगळ्या छोट्या टोपणात ओतलेली पाहिजे. जत्रेत एकच सुई शंभर हातांवर फिरते, त्यातून कावीळ ब आणि क, तसंच एचआयव्ही पसरू शकतो. मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गोंदवल्यावर लाली पसरत गेली, ठणका वाढला, ताप आला तर घरगुती हळद लावत बसू नका, दवाखाना गाठा. आणि गोंदवल्यानंतर साधारण वर्षभर रक्तपेढी तुमचं रक्त घेत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता आपण काय करायचं

सुरुवातीला पोलिसांच्या जाहिरातीबद्दल लिहिलं, ते उगाच नाही. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात मृत्यूसाठी पाच लाख रुपयांचं संरक्षण आहे. पण दावा मंजूर व्हायला पंचनामा, शवविच्छेदन आणि ओळख पटणं या तीन गोष्टी लागतात. देह सापडला आणि ओळखच पटली नाही, तर घरच्यांच्या दृष्टीने माणूस फक्त बेपत्ता राहतो. बेपत्ता माणसाला कायद्याने मृत मानायला सात वर्षं लागतात. तोपर्यंत बायकोने काय खायचं?

तेव्हा तीन कामं करा.

एक, संस्थेच्या कार्यालयात येऊन सभासद नोंदीत तुमची ओळखखूण लिहून घ्या. गोंदण असेल तर कुठल्या हातावर, काय चित्र, कुठली अक्षरं, कुठली लिपी, असं नेमकं. नुसतं "हातावर गोंदण" असं लिहून उपयोग नाही. गोंदण नसेल तर व्रण, तीळ, जुनी जखम लिहा. होडीवर मजुरीला येणाऱ्यांचीही नोंद करा. ते लांबून आलेले असतात, इथे त्यांना ओळखणारं कोणी नसतं. होडीमालकांनी हे काम आपल्या अंगावर घ्यावं.

दोन, त्या खुणेचा जवळून फोटो काढून घरात एकापेक्षा जास्त मोबाईलमध्ये ठेवा.

तीन, हे सगळ्यात सोपं आणि तरी राहून जाणारं. घरातल्या आजीजवळ बसा, तिचा हात हातात घ्या आणि विचारा. हे कोणी गोंदलं, किती वर्षांची होतीस, हेच चित्र का, हे नाव कोणाचं. आपल्या एका सभासदाने आईला असं विचारलं तेव्हा कळलं की तिच्या मनगटावरचे दोन ठिपके म्हणजे लहानपणी गेलेल्या तिच्या दोन बहिणी. घरात ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. चाळीस वर्षं त्याच हाताने तिने जाळी विणली, मासळी विकली, भाकरी वाढली. ठिपके सगळ्यांना दिसत होते, पण कोणी विचारलं नव्हतं.

चित्र कातडीत राहतं, त्याचा अर्थ मात्र माणसाच्या डोक्यात असतो. माणूस गेलं की तो गेला. ज्यांना आपल्या घरची अशी माहिती नोंदवून ठेवायची आहे त्यांनी कार्यालयाच्या वेळेत यावं. वही ठेवली आहे. कोणाला लिहिता येत नसेल तर सांगत जा, मी लिहून घेईन. नाव जाहीर करायचं नसेल तर तसंही सांगा, ते घरच्यापुरतंच राहील.

पावसाळ्यात पाणी वाढलं की होडी नीट बांधा आणि एकटे जाऊ नका.

आपला,
सचिव